दुसऱ्या कॅसेटची गोष्ट

दोस्तांनो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा बघू.

गेल्या वर्षीचं तुमच्या शाळेचं स्नेहसंमेलन. तुम्ही स्टेजवर गेलात, पाय लटपटत होते, घशाला कोरड पडली होती. तरी गाणं म्हटलंत. टाळ्याच टाळ्या! बाईंनी पाठ थोपटली, आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, काकूंनी अख्ख्या चाळीला. आठवडाभर तुम्ही हवेत.

आता यंदाचं संमेलन आलंय. सर विचारतात, “काय, यंदा काय म्हणणार?” आणि एकदम पोटात गोळा येतो! गेल्या वर्षी तुम्हाला कोणी ओळखत नव्हतं. चुकलात तरी “लहान आहे, शिकेल” असं म्हणून सोडून दिलं असतं. यंदा मात्र सगळे कान टवकारून बसणार. तेच गाणं पुन्हा म्हटलं, तर “हिला एवढंच येतं वाटतं!” वेगळं काही म्हटलं, तर “गेल्या वर्षीसारखी मजा नाही आली बुवा!”

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. आता करायचं काय?

हा पेच एकट्या तुमचाच आहे असं समजू नका. मोठमोठ्या गाणाऱ्यांना, लेखकांना, खेळाडूंना तो पडलेला आहे. आज मी तुम्हाला मुंबईतल्या काही तरुणांची गोष्ट सांगणार आहे. त्यांनी गिटार आणि ड्रम्स घेऊन एक बँड काढला, पहिला अल्बम केला, नाव मिळवलं. मग दुसऱ्या अल्बमची वेळ आली. पण त्यांच्याकडे जाण्याआधी जरा शहाडला जाऊन येऊ. का ते कळेलच!

शहाडचा धागा

मध्य रेल्वेवर कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या बाजूला पहिलं स्टेशन शहाड. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मुलांना ते सांगायला नकोच. बिर्लांनी बांधलेलं विठ्ठलाचं देऊळ पाहायला सहलीला गेला असालच. आणि ‘सेंच्युरी रेयॉन’चा कारखानाही येता-जाता पाहिला असेल.

हे रेयॉन म्हणजे काय? रेशमासारखा चमकणारा धागा. पण तो रेशीमकिड्यापासून मिळत नाही, लाकडाच्या लगद्यापासून बनतो. लगद्यावर रसायनांची प्रक्रिया करून त्याचा मधासारखा दाट पाक करतात आणि तो बारीक बारीक छिद्रांतून दाबून बाहेर काढतात. आई चकलीच्या सोऱ्याने शेव पाडते ना, अगदी तस्संच. फक्त ही शेव तेलात न पडता आम्लात पडते आणि तिचा धागा होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात असा धागा पहिल्यांदा तयार झाला, तेव्हा त्याला स्वतःचं नावच नव्हतं. सगळे त्याला ‘कृत्रिम रेशीम’ म्हणायचे. म्हणजे काय, तर रेशमाची नक्कल! पुढे लोकांच्या लक्षात आलं, की अरे, हा धागा वेगळाच आहे. तो रेशमाइतका महाग नाही, घाम छान टिपतो, रंगही छान धरतो. मग १९२४ साली अमेरिकेत त्याला ‘रेयॉन’ हे स्वतःचं नाव मिळालं. नक्कल म्हणून जन्माला आलेली वस्तू अस्सल झाली!

आता शेजारच्या उल्हासनगरकडे पाहा. देशाची फाळणी झाल्यावर घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना इथल्या जुन्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. म्हणून अजून इथे पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर अमुक’ असं म्हणतात. १९४९ साली या वस्तीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळालं. हातात भांडवल नाही, ओळख नाही. मग जे बाजारात खपतं, ते पाहून पाहून या लोकांनी वस्तू बनवायला सुरुवात केली. लोक चेष्टा करायचे, ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’! चेष्टा करणारे हसले आणि विसरले. पण पाहून पाहून शिकलेल्या त्या हातांनी पुढे जीन्सचा आणि फर्निचरचा केवढा मोठा बाजार उभा केला, ते तुम्ही जाणताच.

तेव्हा नक्कल ही काही नेहमीच वाईट नसते. बाळ बोलायला शिकतं ते नक्कल करूनच. प्रश्न एवढाच, की पुढे काय? जन्मभर नक्कलच करायची, की एके दिवशी स्वतःचं काही करायचं?

हा प्रश्न लक्षात ठेवा आणि चला लोकलमध्ये बसा. मुंबईला जायचंय.

यंत्र सुरू झालं!

१९८४ साल. मुंबईतल्या काही तरुणांनी एक बँड काढला आणि नाव ठेवलं ‘रॉक मशीन’. सुरुवातीच्या मंडळींत महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटार वाजवायचे, मार्क सेल्विन बेस गिटार, मार्क मेनेझिस ड्रम्स. पुढे गायला उदय बेनेगल आला आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. नावं वाचलीत? कुणी तिनईकर, कुणी गांधी, कुणी मेनेझिस, कुणी बालापोरिया. अगदी मुंबईच्या लोकलचा डबाच!

आता ‘रॉक’ म्हणजे काय, असं आजी विचारेल. तिला सांगा, इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम्स आणि मोकळ्या गळ्याने गाणारा गायक, असं हे दणदणीत संगीत. त्यात तबला-पेटीसारखी साथ मागे राहत नाही, सगळेच पुढे असतात. आजी कानावर हात ठेवील, पण ऐकून घेईल.

त्या काळी असा बँड काढणं म्हणजे डोंगर चढण्यासारखं होतं. आज मोबाइलवर बोट ठेवलं, की जगातलं कुठलंही गाणं वाजतं. गिटारवर बोटं कुठे ठेवायची, ते दाखवणारे व्हिडिओही असतात. तेव्हा यातलं काहीच नव्हतं. परदेशी गिटार आणायची, तर त्यावर एवढी जकात, की गिटारीची किंमत ऐकूनच तार तुटावी! आपल्याकडे कोलकात्याला गिटारी बनायच्या. त्यातल्या एका कंपनीचं नाव ‘गिवसन’. अमेरिकेतल्या सुप्रसिद्ध ‘गिब्सन’ची आठवण यावी असं! बघा, इथेही नक्कल आहेच.

आणि गाणी शिकायची कशी? तर कॅसेटवरून. आईबाबांना विचारा, ते सांगतील. गाण्याचा एक तुकडा ऐकायचा, कॅसेट थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा ऐकायची. सूर सापडेपर्यंत असं दहादा, वीसदा. टेप गुंतली, की तिच्या चाकात पेन्सिल घालून ती फिरवत बसायचं. गणिताचे पाढेही कुणी एवढे घोकले नसतील!

अशा बँडना सुरुवातीला मागणी असायची ती दुसऱ्यांची गाणी वाजवण्यासाठी. कॉलेजांच्या महोत्सवांत समोरची पोरं ओरडून इंग्लंड-अमेरिकेतल्या बँडची गाणी मागायची. ती हुबेहूब वाजवली, की टाळ्या. मध्येच “आता आमचं स्वतःचं एक गाणं” म्हटलं, की निम्मी मंडळी चहा प्यायला बाहेर! ‘रॉक मशीन’नेही सुरुवात दुसऱ्यांच्याच गाण्यांनी केली. पण या पोरांनी हळूहळू स्वतःची गाणी लिहायला घेतली. ती इंग्रजीत होती, पण स्वतःची होती.

१९८६ सालापासून मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला. फरहाद वाडिया यांनी तो सुरू केला. धोबी तलावाजवळच्या ‘रंगभवन’ या उघड्या नाट्यगृहात तो भरायचा. सीएसएमटीला, म्हणजे तेव्हाच्या व्हीटीला उतरून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. अशा ठिकाणी मुंबईच्या बँडना पहिल्यांदा आपला असा श्रोता मिळाला. (पुढे शाळा, रुग्णालयं, न्यायालयं यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा परिसर ‘शांतता क्षेत्र’ ठरला आणि रंगभवनातला दणदणाट बंद झाला. शेजारीच कॉलेज आणि जवळ रुग्णालयं. रुग्णांच्या बाजूने पाहिलं, तर तेही बरोबरच, नाही का?)

पहिली कॅसेट

१९८८ साली ‘रॉक मशीन’चा पहिला अल्बम आला, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. ‘रेनेगेड’ म्हणजे बंडखोर. नावातच तोरा! आपल्याच देशातल्या मुलांनी स्वतः लिहिलेली, स्वतः वाजवलेली रॉक गाणी कॅसेटवर ऐकायला मिळणं, ही तेव्हा फार नवलाची गोष्ट होती. कॅसेटच्या दुकानांत हिंदी चित्रपटगीतांचा डोंगर, त्याच्या शेजारी भक्तिगीतं, नाट्यगीतं, भावगीतं. तिथे ही एक कॅसेट येऊन बसली.

आजकाल तुम्ही ‘इंडी’ संगीत हा शब्द ऐकता ना? ‘इंडिपेंडंट’, म्हणजे स्वतंत्र, या शब्दाचं ते लाडाचं रूप. परदेशात मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाला न गेलेल्या बँडना तो शब्द लागला. आपल्याकडे मोठी कंपनी म्हणजे सिनेमाच! म्हणून सिनेमाबाहेर राहून स्वतःची गाणी करतात, ते आपले ‘इंडी’. त्या अर्थाने ‘रॉक मशीन’ हे आजच्या सगळ्या इंडी बँडचं थोरलं भावंड.

*कॅसेटच्या पोटात काय होतं?* प्लॅस्टिकची लांबच लांब फीत आणि तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजासारख्याच तपकिरी पुडीचा थर. आवाजाचे चढउतार त्या थरात चुंबकीय खुणांच्या रूपाने उमटतात. ही फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकायची. म्हणजे एका बाजूची ३० मिनिटं ऐकायला किती लांब फीत लागेल? करा गणित! उत्तर आलं का? जवळजवळ ८६ मीटर. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. तशी साडेसहा मैदानं एका मुठीएवढ्या डबीत!

दुसऱ्या कॅसेटची वेळ

पहिल्या अल्बमनंतर दोन वर्षांनी, १९९० साली, दुसरा अल्बम आला. नाव होतं ‘द सेकंड कमिंग’. म्हणजे ‘पुनरागमन’. नावातच जणू म्हटलं होतं, “आम्ही पुन्हा आलो आहोत!”

आता जरा हिशेब करू. बँड निघाला १९८४ साली, पहिला अल्बम १९८८ साली. म्हणजे पहिल्या अल्बमसाठी चार वर्षं मिळाली. तेव्हा कोणी घाई करत नव्हतं. गाणं जमलं तर ठेवायचं, नाही जमलं तर टाकून द्यायचं. दुसऱ्यासाठी मात्र मिळाली दोनच वर्षं. शिवाय मधल्या काळात कार्यक्रम करायचे, प्रवास करायचे आणि त्यातूनच नवी गाणीही काढायची.

आपल्या शेतीत खरीप आणि रब्बी असे दोन हंगाम असतात ना? खरिपाला आभाळातून पाऊस मिळतो. रब्बीच्या वेळी पाऊस गेलेला असतो. तेव्हा पीक येतं ते जमिनीत मुरलेल्या ओलीवर. पहिला अल्बम हा खरीप. उत्साहाचा पाऊस कोसळत असतो. दुसरा अल्बम म्हणजे रब्बी. तुमच्यात खोलवर किती ओल मुरली आहे, ते तेव्हा कळतं.

‘रॉक मशीन’मध्ये ती ओल होती. त्याचा पुरावा म्हणजे या दुसऱ्या अल्बममधलं ‘प्रिटी चाइल्ड’ हे गाणं. पण त्याची गंमत अशी, की हा पुरावा लोकांसमोर यायला तीन वर्षं लागली!

स्वागत झालं, पण उशिरा

अल्बम आला, की त्याचं स्वागत कोण करतं? रेडिओ, टीव्ही, वर्तमानपत्रं आणि ऐकणारे लोक. आता १९९० सालात जाऊन पाहा. टीव्ही म्हणजे फक्त दूरदर्शन. रेडिओ म्हणजे फक्त आकाशवाणी. खाजगी एफएम केंद्रं अजून जन्माला यायची होती. इंटरनेट? कशाशी खातात ते कोणाला ठाऊक नव्हतं! शहाडच्या एखाद्या मुलाला ही कॅसेट ऐकायची असती, तर? आधी अशी कॅसेट आहे, हे त्याला कळणार कसं? कळलं तर ती मिळणार कुठे? दीड तास लोकलमध्ये उभं राहून तो मुंबईला जाणार, पैसे मोजणार आणि घरी आल्यावर बाबा विचारणार, “हे काय आणलंस? शब्द तरी कळतात का?”

म्हणजे कॅसेट होती, गाणी होती, पण गाणी आणि कान यांच्यामध्ये रस्ताच नव्हता.

तो रस्ता १९९१ साली झाला, आणि झाला तोही आभाळातून! उपग्रह वाहिन्या आल्या. गच्च्यांवर पांढऱ्या छत्र्या दिसू लागल्या, एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर काळ्या केबल लोंबू लागल्या. त्याच वर्षी ‘एमटीव्ही एशिया’ ही दिवसभर गाणी दाखवणारी वाहिनी सुरू झाली. तिला आशिया खंडातले बँड हवे होते. आणि मुंबईत एक बँड आपली स्वतःची गाणी घेऊन तयार बसला होता.

‘प्रिटी चाइल्ड’चा व्हिडिओ या वाहिनीवर झळकला. आणि १९९३ साली अमेरिकेत एमटीव्हीचे वार्षिक पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा आशियातल्या प्रेक्षकांनी निवडलेला व्हिडिओ म्हणून पुरस्कार मिळाला तो याच गाण्याला!

विचार करा, १९९० सालच्या गाण्याला १९९३ साली दाद मिळाली. या तीन वर्षांत बँडने “आपलं काही खरं नाही” म्हणून गाशा गुंडाळला असता तर?

पण इंग्रजीतच का?

आता दुसरी बाजूही ऐका. सगळ्यांनीच या मुलांना डोक्यावर घेतलं, असं मुळीच नाही. दोन प्रश्न त्यांच्यामागे हात धुऊन लागले होते, आणि आजही इंग्रजीत गाणाऱ्या आपल्या मुलांना ते विचारले जातात.

पहिला प्रश्न, “हे तर साहेबांचं संगीत. तुम्ही त्यांची नक्कलच करताय ना?” आणि दुसरा, “मराठी, हिंदी, कोकणी, गुजराती घरांतली मुलं तुम्ही. मग गाणी इंग्रजीत का?”

हे प्रश्न काही उगाच काढलेले नव्हते. त्यांत तथ्य होतं. पण एक सांगा, आपली पेटी, म्हणजे हार्मोनियम, आली कुठून? युरोपातून. व्हायोलिन? तेही तिकडचंच. आज पेटीशिवाय आपलं भजन होतं का? बाहेरून आलेली वस्तू आपण किती दिवस वापरतो यापेक्षा तिच्यातून आपलं काय वाजवतो, यावर ती आपली होते.

बँडच्या मंडळींनाही हे जाणवत असावं. कारण १९९३ साली त्यांनी एक धाडसाची गोष्ट केली. नऊ वर्षं कमावलेलं ‘रॉक मशीन’ हे नाव टाकून दिलं! नवं नाव घेतलं ‘इंडस क्रीड’. इंडस म्हणजे सिंधू नदी. ‘रॉक मशीन’ हे नाव जगातल्या कुठल्याही बँडचं असू शकलं असतं. ‘इंडस क्रीड’ या नावात मात्र आपली माती होती. १९९५ साली याच नावाने त्यांचा तिसरा अल्बम आला. त्यात भारतीय वाद्यांचे रंगही मिसळले होते.

आठवला का शहाडचा धागा? कृत्रिम रेशमाचं रेयॉन झालं, तसं यंत्राची सिंधू झाली!

एकाच नावाचे दोन अल्बम

इथे एक गमतीची गोष्ट सांगतो. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात ‘द स्टोन रोझेस’ नावाचा इंडी बँड होता. १९८९ साली त्यांचा पहिला अल्बम आला आणि तिकडच्या तरुणांनी तो अक्षरशः उचलून धरला. मग दुसरा अल्बम कधी? लोक वाट पाहत राहिले. बँडचं रेकॉर्ड कंपनीशी भांडण, कोर्टकचेऱ्या. एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच वर्षं गेली! शेवटी डिसेंबर १९९४ मध्ये दुसरा अल्बम आला. नाव काय असेल? ‘सेकंड कमिंग’! आपल्या मुंबईच्या पोरांनी तेच नाव चार वर्षं आधी वापरलं होतं. बघा, नावाच्या बाबतीत तरी आपण कोणाची नक्कल केली नव्हती!

मँचेस्टरच्या त्या अल्बमचं स्वागत मात्र संमिश्र झालं. वाट पाहून लोकांच्या अपेक्षा आभाळाला टेकल्या होत्या. त्या कोण पुऱ्या करणार? दोन वर्षांत बँड फुटला.

याच्या अगदी उलट गोष्ट अमेरिकेतल्या ‘निर्वाना’ची. १९८९ सालचा त्यांचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ सहाशे-एक डॉलरमध्ये ध्वनिमुद्रित झाला होता. एका लहान स्वतंत्र कंपनीने तो काढला. ऐकणारे मोजकेच. दुसरा अल्बम ‘नेव्हरमाइंड’ आला सप्टेंबर १९९१ मध्ये. आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याने अमेरिकेच्या यादीत चक्क मायकेल जॅक्सनच्या अल्बमला पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं!

म्हणजे दुसऱ्या डावाचा काही नियम नाही. कोणाचा शून्यावर जातो, कोणाचं शतक लागतं.

नर्मदेकाठचं गाणं

आपल्या देशातल्या आणखी एका दुसऱ्या अल्बमची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दिल्लीचा बँड ‘इंडियन ओशन’. त्यांचा पहिला अल्बम १९९३ साली आला. १९९७ साली एका मैफिलीत केलेलं ध्वनिमुद्रण ‘डेझर्ट रेन’ म्हणून निघालं. आणि स्टुडिओत बसून केलेला दुसरा अल्बम आला तो २००० साली, ‘कंदिसा’.

त्यांनी वेगळीच वाट धरली. इंग्रजीच्या मागे न जाता आपल्या मातीतली गाणी शोधली. ‘कंदिसा’ ही केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांची फार जुन्या भाषेतली प्रार्थना. याच अल्बममध्ये ‘मा रेवा’ आहे. रेवा म्हणजे नर्मदा! आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून ५४ किलोमीटर वाहते, तीच. बँडमधला राहुल राम हा बेस वाजवणारा विज्ञान शिकून अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आला होता आणि नर्मदा बचाव आंदोलनात त्याने काम केलं होतं. नदीकाठचं गाणं बँडमध्ये आलं ते असं, पायी चालून.

‘कंदिसा’ खूप गाजला. रॉक न ऐकणारे आजोबासुद्धा तो ऐकू लागले. दोन बँड, दोन वाटा. एकाने परक्या भाषेत आपली गोष्ट सांगितली, दुसऱ्याने आपल्या गाण्याला परक्या वाद्यांची जोड दिली. कोणाची वाट बरोबर? तुम्हीच वर्गात वाद घालून ठरवा!

आईबाबा, हे तुमच्यासाठी

हे सगळं वाचून एखादा चिरंजीव उद्या म्हणेल, “बाबा, मला गिटार हवी!” आणि तुम्ही विचाराल, “त्याने पोट भरतं का?”

खरं सांगायचं, तर क्वचितच. मुलांनो, तुम्हीही नीट ऐका. ‘इंडस क्रीड’ला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नाव झालं, तरीही १९९७ साली बँड थांबला. तोपर्यंत संगीताच्या वाहिन्या हिंदीकडे वळल्या होत्या, हिंदी पॉप जोरात होतं. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा वेगळा बँड काढला. इथली गोष्ट संपली, असंच सगळ्यांना वाटलं.

पण संपली नव्हती! २०१० साली उदय, महेश आणि झुबिन पुन्हा एकत्र आले. रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी हे नव्या पिढीचे दोघे त्यांना येऊन मिळाले. २०१२ साली नवा अल्बम आला, ‘इव्हॉल्व्ह’. म्हणजे ‘उत्क्रांत होणं’. तिसऱ्या अल्बमनंतर तब्बल सतरा वर्षांनी! तेव्हा कुठे खरी ‘सेकंड कमिंग’ झाली म्हणायची.

पोट भरण्यासाठी काहीतरी दुसरं करावं लागेलही. पण चार मुलांनी एका खोलीत बसून रोज तास-दोन तास एकमेकांचं ऐकत वाजवायचं, कोणी चुकलं तर सांभाळून घ्यायचं, भांडण झालं तरी उद्या पुन्हा यायचं, ही शिकवण फुकट जात नाही. फक्त दहावीच्या वर्षात शेजाऱ्यांच्या झोपेचा आणि स्वतःच्या अभ्यासाचा विचार करा म्हणजे झालं!

यंदा काय म्हणणार?

तर दोस्तांनो, पुन्हा तुमच्या संमेलनाकडे येऊ. सर अजून उत्तराची वाट पाहत उभे आहेत!

गेल्या वर्षीच्या टाळ्या आता विसरा. त्या गेल्या वर्षीच्या गाण्याला होत्या. तेच गाणं पुन्हा म्हणू नका, आणि केवळ लोकांना चकित करायचं म्हणून भलतंच काही करायलाही जाऊ नका. गेल्या वर्षभरात तुम्ही नवं काय पाहिलंत, काय ऐकलंत, कशाने तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, ते आठवा. तीच तुमच्या रब्बीची ओल.

एक गोष्ट करून पाहा. चार मित्र जमवा. गिटार नसली तरी चालेल. डबा, चमचे, जुनी पेटी, दादाची ढोलकी, जे असेल ते घ्या. आधी तुमच्या आवडीचं एखादं गाणं हुबेहूब बसवा. मनसोक्त नक्कल करा! ते जमलं, की त्याच चार जणांनी एक नवं गाणं रचा. आठ ओळींचं, तुमच्या भाषेत, तुमच्या गल्लीवर. शहाड फाटकाबद्दल, उल्हास नदीबद्दल, सकाळच्या भरलेल्या लोकलबद्दल, कारखान्यातून थकून घरी येणाऱ्या बाबांबद्दल. आणि ते घरच्यांना ऐकवा.

बहुतेक पहिल्यांदा कोणी फार टाळ्या वाजवणार नाही. ताई हसेलही. हसू द्या. महिनाभराने दुसरं गाणं रचा.

ते दुसरं गाणं फार महत्त्वाचं. पहिलं गाणं हौसेनेही होऊन जातं. दुसरं रचायला बसाल, तेव्हाच तुमचं तुम्हाला कळेल, की आपल्याला हे खरंच आवडतं की नाही.